बाटलीभर पाणी आणि रानपिंगळा : खानदेशातले पाच दिवस

माझी लेक नाशिकला वनस्पतिशास्त्र शिकते. फेब्रुवारीत एका रात्री जेवताना तिनं विचारलं, “आई, महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत. ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, बोरिवलीचं आणि चांदोली. तुझ्या खानदेशात एकही कसं नाही?” मी म्हटलं, आमच्याकडे अभयारण्यं आहेत की! यावल आहे, अनेर आहे, पाटणादेवीचं गौताळा आहे. “मग दोन्हींत फरक काय?” इथं माझी गाडी अडली. माझं माहेर सावद्याजवळचं. घराच्या गच्चीवरून सातपुडा दिसतो. तरी त्या डोंगरात मी उभ्या आयुष्यात दोनदा गेले असेन, तीही मनुदेवीच्या दर्शनाला. केळीच्या बागेपलीकडचं जंगल आमच्यासाठी कायम ‘तिकडचं’ होतं.

म्हणून होळीच्या आधी पाच दिवसांची सुट्टी काढली आणि आम्ही दोघी गाडी घेऊन निघालो.

पहिला दिवस : पाटणादेवी

पहाटे निघून मालेगावमार्गे साडेनऊला चाळीसगाव. तिथून पाटणादेवी वीसेक किलोमीटर. गावाच्या बाहेर पडलं की समोर अजिंठ्याच्या रांगेची भिंत उभी राहते आणि तिच्या कुशीत चंडिकादेवीचं काळ्या दगडाचं देऊळ. हा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा. १९८६ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरचं आहे. वर पठारावर गौताळा, पश्चिमेकडे पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आणि खाली आमच्या बाजूला हे पाटण.

याच पाटणच्या देवळातल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याची नोंद आहे. यादव राजा सिंघण याच्या दरबारी तो ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं इथं मठ काढला आणि १२०७ च्या सुमारास त्याला देणगी मिळाली. लेक म्हणाली, “म्हणजे आठशे वर्षांपूर्वी इथं पोरं गणितं सोडवत होती.” मला ते फार आवडलं. तेव्हाही वर हेच डोंगर असणार आणि ओढ्याला पाणी असणार. शंभर जणांनी राहून शिकायचं तर आधी पाणी लागतं.

आज मात्र ओढा कोरडा. केदारकुंडापर्यंत चालत गेलो. कड्यावर धबधब्याच्या जागी नुसता काळा ओघळ, खाली कुंडात हिरवट पाणी आणि त्याच्या काठावर वानरांची टोळी. नारळ विकणारे आजोबा हसले, “आते काय देखशात ताई? सावनमा या.” त्यांच्याशी बराच वेळ बोलत बसलो. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीला चाळीसगावात डोंगरी आणि तितूर या नद्यांना पूर आला होता. त्या रात्रीचा आवाज ते अजून विसरलेले नाहीत. आभाळ असं फाटलं तर झाडं पूर अडवतात असं मी म्हणणार नाही. पण परतताना दोन उतार शेजारीशेजारी दिसले. एकावर झाडोरा होता, पायाखाली पाचोळ्याचा जाड थर. दुसरा उघडा, घळी पडलेला, मुरूम वर आलेला. कुठल्या उतारावरून पाणी दमानं उतरेल आणि कुठून माती घेऊन धावेल, ते सांगायला अभ्यासक लागत नाही.

जाणाऱ्यांसाठी : धबधबे बघायचे तर जुलै ते सप्टेंबर. पक्षी आणि शांतता हवी तर डिसेंबर-जानेवारी. मार्चमध्ये सकाळी दहाच्या आत जंगलातून बाहेर या आणि माणशी तीन लिटर पाणी बरोबर ठेवा. सुट्टीच्या दिवशी देवळाशी गर्दी असते, पण केदारकुंडाच्या वाटेवर पाच मिनिटं चाललात की ती संपते. वानरांना काही खायला देऊ नका. दिलेलं पाहून बाकीची टोळी पिशव्यांवर येते.

मुक्कामाचा मात्र घोळ झाला. फोनवर नक्की केलेली खोली पोचल्यावर दुसऱ्याच कुणाला दिलेली निघाली. वाद न घालता चाळीसगावात परत आलो, लॉज घेतला आणि रात्री शेवभाजी खाल्ली. तर्री अशी की लेकीच्या नाकातोंडातून पाणी. तरी तिनं दुसरी वाटी मागितलीच.

दुसरा दिवस : माहेर

चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ, फैजपूर. उन्हाचा रस्ता. भुसावळ सोडून तापी ओलांडली की दोन्ही बाजूंना केळी सुरू होते आणि डोळे निवतात. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, भरताच्या वांग्यालाही त्याच वर्षी. आमच्याकडे या दोन्ही गोष्टींचा अभिमान चारचौघांत बोलून दाखवला जातो.

फैजपुरात गाडी मुद्दाम थांबवली. डिसेंबर १९३६ मध्ये खेड्यात भरलेलं पहिलं काँग्रेस अधिवेशन इथलं. लेकीनं फोनवर काहीतरी शोधलं आणि म्हणाली, “आई, भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यानसुद्धा १९३६ चंच. हेली नॅशनल पार्क, आताचं कॉर्बेट.” एकाच वर्षात देशाच्या एका टोकाला गोऱ्या साहेबाच्या नावानं वाघांसाठी जंगल राखून ठेवलं गेलं आणि दुसरीकडे आमच्या फैजपुरात माणसं स्वतःच्या राज्याचा विचार करायला जमली. अशी राखून ठेवायची कल्पना जगात रुजली ती अमेरिकेतल्या यलोस्टोनपासून, १८७२ मध्ये. पण आपल्याकडे देवरायांमध्ये कुऱ्हाड नेत नाहीत, ही रीत त्याच्या कितीतरी आधीची.

दुपारी घरी पोचलो तर वहिनीचा गच्चीवर बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, कारखाना चाललेला. भिजवून भरडलेली ज्वारी लसूण, मिरची, तीळ घालून मोठ्या पातेल्यात शिजत होती. ओलं धोतर अंथरून त्यावर शेजारच्या दोन मावश्या हाताला पाणी लावून गोल पसरवत होत्या. लेकीच्या हातात वाटीभर गरम घाटा आला, वरून कच्चं शेंगदाण्याचं तेल. ती तिथंच उन्हात बसून खात राहिली.

संध्याकाळी भाऊ मळ्यातून आला. “काबरं गं, वाघ पाहाले चालली का?” मी म्हटलं, जंगल पाहाले. तो म्हणाला, “मग मीबी येतो. त्या जंगलाच्या भरवशावर माझा बाग उभा आहे आणि मी ते धड पाहिलेलं नाही.”

रात्री भरीत आणि कळण्याची भाकरी. मार्च म्हणजे भरताच्या वांग्याचा शेवट, वांगी जरा बियाळ झाली होती. तरी तुराट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याची चव गॅसवर कधी येत नाही, हे पुन्हा एकदा पटलं.

तिसरा दिवस : पाल आणि यावलचं रान

पहाटे साडेपाचला निघालो. पाल हे रावेर तालुक्यातलं सातपुड्यातलं गाव, सुकी नदीच्या काठचं. सपाटीवरची केळी मागं पडते, रस्ता चढू लागतो आणि हवा एकदम बदलते. काच खाली केली तर मोहाचा गोडसर, जरासा आंबूस वास गाडीत शिरला.

यावल अभयारण्य १९६९ सालचं, पावणेदोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. वनविभागाच्या कार्यालयात नोंद करून, शुल्क भरून एक वनरक्षक आमच्याबरोबर घेतला. तिशीतला तरुण, खांद्याला पाण्याची बाटली, हातात काठी. आधी जाळरेषा दाखवली. जंगलाच्या तुकड्यांमधला तो मोकळा पट्टा वणवा पुढे सरकू नये म्हणून उन्हाळ्याआधीच साफ करून ठेवतात. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. त्या काळात या माणसाला घर जवळजवळ नसतंच.

लेकीनं तोच प्रश्न त्याला विचारला. त्यानं पाचोळ्यावर काठीनं दोन चौकोन काढले. “ताई, हे राष्ट्रीय उद्यान. इथं चराई नाही, लाकूड नाही, कुणाचा खाजगी हक्क शिल्लक राहत नाही. आणि हे अभयारण्य. प्राण्यांना अभय आहेच, पण गावांचे काही हक्क परवानगीनं चालू राहतात. दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली. हद्द बदलायची झाली तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते, आपल्या मर्जीनं होत नाही.” मग जरा थांबून म्हणाला, “लोक विचारतात, उद्यान आहे तर पाळणे कुठं आहेत? कारंजं कुठं आहे?”

खरंच, ‘उद्यान’ या शब्दानं मोठा घोटाळा केलाय. उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बाग येते, माळी येतो, कुणीतरी आपल्या करमणुकीसाठी मांडून ठेवलेली जागा येते. म्हणून जिप्सीत बसून वाघ दिसला नाही की माणसं पैसे बुडाल्यासारखी परततात.

भाऊ इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, “म्हणजे हा बेण्याचा बाग.” वनरक्षकाला कळेना. भावानं समजावलं : केळीचं बेणं घ्यायचं तर रोग नसलेला, जोमदार बाग निवडतात. त्या बागेला जपतात, कारण पुढच्या सगळ्या बागा त्याच्यातून उभ्या राहायच्या असतात. घडाच्या पैशांपेक्षा तिथल्या कंदाचं मोल मोठं. राष्ट्रीय उद्यान म्हणजे जंगलाचं बेणं. वनरक्षक खूश झाला. “हेच! पलीकडे मेळघाटात गुगामल आहे. तिथून अंबाबरवा, मग मुक्ताईनगरकडचं रान, मग आपलं यावल, पुढं अनेर. जनावर याच वाटेनं सरकतं. तिकडचं बेणं, इकडची लागवड. मधला एक बांध तुटला की झालं.” आमच्या मुक्ताईनगरच्या बाजूला केळीच्या बागेत वाघाचे ठसे निघाल्याच्या बातम्या आम्ही दरवर्षी वाचतो आणि घाबरतो. तो वाघ वाट चुकलेला नसतो, तो आपल्या वाटेवरच असतो. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं.

यावलचं झाड म्हणजे अंजन. एकाच देठाला जोडलेली दोन पानं, फुलपाखरानं पंख उघडावेत तशी. लाकूड भारतातल्या सगळ्यात जड आणि कठीण लाकडांपैकी. लेकीनं एक वाळकी फांदी उचलली आणि वजनानं तिचा हात खाली गेला. सागाची पानं गळून गेलेली, सालई आणि धावडा उघडे, आणि मधूनच पळस पेटलेला. पुढे वाटेत अस्वलाची विष्ठा दिसली, वाळलेली. वनरक्षकानं काठीनं फोडली. आत बोराच्या आठळ्याच आठळ्या. मी मोजायला लागले, ऐंशीच्या पुढे सोडून दिलं. “पावसात यातल्या दहा तरी उगवतील,” तो म्हणाला. त्यानं आठळ्या परत होत्या तशा ढकलून त्यावर पाचोळा सारला.

साडेआठच्या सुमारास मोहाच्या झाडाखाली एक पावरा आदिवासी आजी भेटल्या. सुनेबरोबर फुलं वेचत होत्या. झाडाखालची जमीन झाडून लख्ख केलेली, त्यावर पिवळट, रसरशीत, द्राक्षासारखी फुलं. एक तोंडात टाकायला दिलं. गोड, आणि मागून एक तुरट झणका. मोहाखालचा पाचोळा जाळण्याची सवय वणव्याला कारण होते, म्हणून वनरक्षकानं इथल्या घरांना झाडून घ्यायला सांगितलंय. आजींनी ते ऐकलं, पण त्यांचं म्हणणंही त्याच्या तोंडावर सांगितलं. नात आजारी पडली तर दवाखाना किती लांब, रस्ता होत नाही, आणि बाहेरून येऊन झाडं तोडून शेत करणारे वेगळेच असतात, पण बोल मात्र इथल्यांना लागतो. वनरक्षकानं मान खाली घातली. यावलच्या जंगलाला अतिक्रमणानं मोठी भोकं पाडली आहेत, ती आम्ही टेकडीवरून डोळ्यांनी पाहिली. २००६ च्या वनहक्क कायद्यानं १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसणाऱ्या आदिवासींचा हक्क मान्य केला आहे. तो त्यांना मिळालाच पाहिजे. त्यानंतरची तोड मात्र थांबलीच पाहिजे. या दोन्ही गोष्टी मी एकाच दमात म्हणते, कारण आजींशी बोलल्यावर एक म्हणून दुसरी गिळता येत नाही.

परतताना भावानं गाडी थांबवायला लावली. डोंगर संपतो आणि सपाटी सुरू होते तिथं, नदीच्या कोरड्या पात्राकडेला. सगळीकडे गोटे, वाळू, रेती. लाखो वर्षं डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांनी इथं हा भरड गाळ टाकला आहे. यावल, रावेर, चोपडा तालुक्यांच्या पायथ्याशी हा पट्टा पसरला आहे, त्याला बझाडा म्हणतात. भावानं पाण्याची बाटली उघडली आणि गोट्यांवर उपडी केली. लिटरभर पाणी. ते जमिनीवर पसरलंसुद्धा नाही. वाळूनं ते आत ओढलं आणि एक ओला डाग तेवढा उरला.

मग घरी आल्यावर, हात धुवायच्या आधी, त्यानं मळ्यातल्या काळ्या मातीवर दुसरी बाटली ओतली. पाणी साचलं. त्यात आभाळ दिसायला लागलं. आम्ही तिघं बांधावर बसून बघत होतो. चहा झाला तरी डबकं होतंच.

“आपल्या विहिरीत पाणी तिथून येतं,” भाऊ म्हणाला. “इथून नाही.” आमच्या वडिलांच्या काळात विहिरीला साठ फुटांवर पाणी होतं. आज बोअर आठशे फुटांवर गेलं आहे. उपसा वाढला हे खरंच, त्यात आमचाही वाटा आहे, केळीला पाणी किती लागतं ते आम्ही जाणतो. पण वरचा डोंगर उघडा झाला की पाऊस ओढ्यातून बारीक गाळ घेऊन धावत येतो, तो गाळ गोट्यांच्या फटी बुजवतो आणि मुरणारं पाणी तसंच तापीकडे निघून जातं. जंगल राखलं तर तेच पाणी अडखळत, पाचोळ्यात भिजत, चार दिवस उशिरा खाली येतं. गारबर्डीजवळच्या सुकी धरणात गाळ किती आणि पाणी किती, हेही वरच्या झाडांवरच ठरतं. केळीच्या एकेका घडात यावलचं जंगल आहे, असं मी म्हटलं तर माहेरी आता कुणी हसणार नाही.

जाणाऱ्यांसाठी : डिझेल-पेट्रोल सावदा किंवा फैजपूरलाच भरा. वर मोबाईलचा भरवसा नाही, रोख पैसे जवळ ठेवा. परवानगीशिवाय आतल्या वाटांना जाऊ नका आणि स्थानिक माणूस बरोबर घ्याच, त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. विडी, सिगारेट, चूल, काहीही नको. मार्चमधल्या पाचोळ्याला एक ठिणगी पुरते.

चौथा दिवस : भोंगऱ्या आणि तोरणमाळचा घाट

भावाला पाण्याची पाळी होती, रात्रीची वीज होती, तो मागे राहिला. आम्ही दोघी सहालाच चोपड्याच्या रस्त्याला लागलो.

पायथ्याच्या एका गावात गाडी पुढे जाईना. भोंगऱ्या बाजार! होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्याच्या गावोगावी भरणारा हा बाजार मी नुसता ऐकून होते. डोंगरातून माणसांचे लोंढे उतरत होते. एकेका पाड्याच्या मुली एकाच रंगाच्या साडीत, कुणी सगळ्या गुलाबी, कुणी सगळ्या पोपटी, कमरेला चांदीचे जाड पट्टे. ढोल इतके मोठे की वाजवणारा माणूस त्यामागे दिसेना. ढोलाच्या ठोक्यानं छातीत घुमत होतं. होळीसाठी डाळ्या, गूळ, साखरेचे हार-कंकण यांचे ढीग. गरम गुळाची जिलेबी घेतली, काळपट, चिकट, दाताला धरणारी. एका म्हाताऱ्या बाबांनी बासरी विकत घेण्याआधी पाच बासऱ्या वाजवून पाहिल्या. सहावी घेतली, आणि घेतल्यावर ती आम्हाला वाजवून दाखवली. दोन तास कुठं गेले कळलं नाही. जंगल राखायचं म्हणजे या होळीचं लाकूड, हे बांबू, हा मोह, हे ढोल, आणि ते वाजवणारी माणसंही राखायची.

भोंगऱ्याला जाल तर माणसांचे, विशेषतः मुलींचे फोटो न विचारता काढू नका. आमच्यासमोर एक दोघं कॅमेरे घेऊन तोंडाजवळ घुसत होते, बघवत नव्हतं.

अनेरचं अभयारण्य रस्त्यावरूनच मागं पडलं. वेळच नव्हता. शिरपूर, मग शहादा. शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढायला लागलो तेव्हा चार वाजले होते. वळणं तीव्र, दरी खोल. कड्यावर कांडोळाची पांढरीफटक झाडं, पान नसलेली, उन्हात चुन्यानं रंगवल्यासारखी. घाट दिवसाउजेडीच चढा-उतरा, हे आवर्जून सांगते. वर पोचलो तर हवेत गारवा. यशवंत तलावाच्या काठी अंधार पडेपर्यंत बसलो. खाली शहाद्यात अंगाची लाही झाली होती, इथं रात्री अंगावर शाल लागली. सातपुड्यातला हा अकराशे मीटरवरचा माथा. रात्री भाकरी, ठेचा आणि तुरीची आमटी, चुलीवरची.

पाचवा दिवस : रानपिंगळा

या दिवसासाठी लेक महिनाभर वाचत होती. तिनं गोष्ट सांगितली ती अशी. रानपिंगळा या छोट्या घुबडाचं वर्णन १८७३ मध्ये ॲलन ह्यूम या इंग्रज पक्षीतज्ज्ञांनी केलं. पुढे खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा भागातून काही पक्षी गोळा केले. १८८४ नंतर तो कुणालाच दिसला नाही. १९१४ साली गुजरातेत मिळाल्याची एक नोंद होती, त्यामुळे लोक भलतीकडेच शोधत राहिले. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातला तो नमुना तपासला आणि तो खोटा निघाला : डेव्हिडसन यांचाच जुना पक्षी, चोरून, नवी चिठ्ठी लावून ठेवलेला. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट जुन्या खऱ्या जागा शोधत निघाले. आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळच्या जंगलात तो समोर बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी. तेव्हा नंदुरबार जिल्हासुद्धा झाला नव्हता, तो पुढच्या वर्षी झाला.

मी नंदुरबारला कितीदा लग्नांना आले असेन. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

सहाला घाट उतरलो. पायथ्याच्या एका कोरड्या नाल्यालगत चालू लागलो. जागा मुद्दाम सांगत नाही. हा पक्षी झाडाच्या ढोलीत घर करतो, आणि फोटोसाठी माणसांची रांग लागली की त्याचं घर मोडतं. फोनवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. तो भांडायला म्हणून धावून येतो आणि पिल्लांसाठी शिकार करायची राहून जाते.

तासभर काहीच नाही. ऊन चढलं. एक पोरगा शेळ्या घेऊन आला, असेल बारा-तेरा वर्षांचा. “काय देखी राहिनात?” लेकीनं पुस्तकातलं चित्र दाखवलं. त्यानं एक क्षण पाहिलं आणि हातानं खूण केली, या. त्याच्या मागोमाग दोनशे पावलं.

सागाच्या निष्पर्ण झाडाच्या शेंड्याजवळ, भर उन्हात, तो बसला होता. आमच्या घरच्या आंब्यावरचा पिंगळा ठिपक्याठिपक्यांचा असतो आणि संध्याकाळी बाहेर पडतो. याचं डोकं मोठं, गोल, जवळजवळ साधं करडं, ठिपके नाहीतच म्हणा. पंखांवर आणि शेपटीवर ठसठशीत पांढरे पट्टे, पोट पांढरं. चोच डोक्याच्या मानानं जाड. शेपटी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झटकत होता. मग एकदम खाली झेपावला, पाचोळ्यात काहीतरी खसखसलं, आणि वर आला तेव्हा चोचीत सरडा लोंबत होता. त्यानं आमच्याकडे सरळ पाहिलं. पिवळे डोळे. लेकीनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की नखं रुतली.

या रानाला राष्ट्रीय उद्यानाची पाटी नाही. तरी शंभरावर वर्षं हा पक्षी इथंच होता, कारण सागाचं हे विरळ रान आणि ढोल्या असलेली जुनी झाडं इथं कशीबशी उरली होती. पाटी मिळो न मिळो, पुढची शंभर वर्षं ती उरतील एवढं तरी आपण करायला हवं, आणि ते नाशकात बसून होणार नाही. त्यासाठी इथल्या माणसांना या रानातून काहीतरी मिळालं पाहिजे : वनरक्षकाची नोकरी, वाटाड्याचे पैसे, मोहाला भाव, दवाखान्यापर्यंतचा रस्ता.

पोरगा आमच्याकडे बघत होता. त्याला हा पक्षी रोजचाच, त्यासाठी दोन बायका नाशिकहून आल्या याचं त्याला नवल. लेकीनं गळ्यातली दुर्बीण काढून त्याच्या हातात दिली, चाक फिरवून कसं स्पष्ट करायचं ते दाखवलं. त्यानं ती डोळ्यांना लावली. आधी आभाळात गेली, मग फांद्यांत, मग थांबली. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

बराच वेळ गेला. मी म्हटलं, चला, ऊन झालं.

“थांबा ना ताई,” तो दुर्बीण न काढताच म्हणाला, “आखो देखू द्या.”

त्याच्या शेळ्या नाला ओलांडून पलीकडच्या शेतात शिरल्या होत्या. लेक त्यांना वळवायला धावली.